होडी घेण्याआधी घरातील बोळ मोजा



ओवे गावातील एक सूनबाई अलीकडे दवाखान्यात आल्या, त्या सासऱ्यांची तक्रार घेऊन. "डॉक्टर, बाबांनी जुनी होडी घ्यायचं मनावर घेतलंय. तुम्ही नाही म्हणालात तरच ऐकतील." बाबा 71 वर्षांचे. रक्तदाब आणि मधुमेह औषधांनी आटोक्यात आहेत. त्याच घरात आजी वॉकर धरून चालतात. मी लगेच 'नाही' म्हटले नाही. त्यामागचा विचार तुमच्यापुढे ठेवतो, कारण असा हट्ट आज ना उद्या तुमच्याही घरात उभा राहील. होडीऐवजी तो स्कूटरचा असेल किंवा शेताकडे एकटे जाण्याचा असेल.

1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी आमच्या भागातील गावोगावच्या जमिनी संपादित झाल्या. भातशेती गेली, मिठागरे गेली. आगरी-कोळी कुटुंबांतील जुन्या पिढीच्या हाताला ओळखीचे असे जे थोडे उरले, त्यात खाडी आहे आणि खाडीतला जिताडा आहे. इंग्रजीत ज्याला सीबास म्हणतात आणि ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी, तोच हा मासा. गळाला लागलेला जिताडा ओढण्यात ज्यांचे तारुण्य गेले, ते गृहस्थ आता दिवसभर दूरचित्रवाणीसमोर बसून असतात. त्यांचे स्नायू झडतात, झोप तुटते, बोलणे आटते. 'घरीच बसा' हा सल्ला वाटतो तितका निर्धोक नसतो.

तरीही माझा पहिला प्रश्न होडीविषयी नव्हता, घराविषयी होता. होडी ठेवणार कुठे? घराशेजारचा बोळ जेमतेम पाच फूट रुंद. पाहून ठेवलेली होडी चौदा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद. बोळात ती शिरली असती, पण मग आजींचा वॉकर शिरला नसता. रात्री-अपरात्री स्ट्रेचर आणावे लागले तर तेही अडले असते. वॉकर किंवा चाकाची खुर्ची सुखाने जायला सुमारे तीन फूट मोकळी वाट लागते. ती सोडून जे उरेल, तेवढीच होडीची जागा. लांबी मोजताना मागचे इंजिन धरून मोजावी. होडी गाड्यावर ठेवणार असाल तर गाड्याचा दांडाही धरावा.

पावसाळ्यात ही अडचण वाढते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, म्हणजे होडी घराजवळच पडून राहते. उताणी ठेवलेल्या होडीत आणि ताडपत्रीच्या घड्यांत पाणी साचते. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. म्हणून होडी ठोकळ्यांवर पालथी ठेवावी आणि आठवड्यातून एकदा ताडपत्री झटकून कोरडी करावी. खाली जाळ्यांचा ढीग ठेवला तर उंदीर येतात. त्यांच्या मुत्राने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पेट्रोलचा डबा घरात, विशेषतः झोपायच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात, कधीही ठेवू नये.

जुनी होडी पारखण्याची विद्या मला माझ्या रुग्णांनीच शिकवली, आणि ती माझ्या विद्येहून फार वेगळी नाही. आम्ही छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकतो. ते फायबरवर नाण्याने ठोकतात. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर आतले थर सुटले आहेत किंवा पाणी मुरले आहे असे समजावे. इंजिन बसवतात त्या मागच्या फळीत बहुधा लाकूड असते आणि ते आतून कुजते. इंजिन धरून वरखाली हलवताना फळी लवली, तर होडी सोडून द्यावी. तळावर चालताना पाय दबत असेल तरीही तेच. इंजिनाच्या गिअरचे तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. नोंदणीची कागदपत्रे विकणाऱ्याच्याच नावावर आहेत ना, हेही पाहावे. पाच अश्वशक्तीचे इंजिनसुद्धा वीस-पंचवीस किलोंचे असते. ते दर खेपेला उचलणार कोण? हर्निया किंवा कंबरदुखी असलेल्यांनी हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा.

यानंतर शरीराची परीक्षा. हात न टेकता खुर्चीवरून उठता येते का? एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का? (ही चाचणी कोणीतरी शेजारी उभे असतानाच करावी.) रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे उठताक्षणी भोवळ येते, आणि डुलत्या होडीत ती घातक ठरते. मधुमेहींनी उपाशी जाऊ नये, खिशात साखर ठेवावी. अनवाणी चिखलात उतरू नये, कारण कालवांच्या धारेने कापलेला पाय बधिर असला तर कळतही नाही. मधुमेह किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांमध्ये खाडीच्या पाण्यातली जखम काही तासांत गंभीर होऊ शकते. जखमेभोवती सूज, लाली वा ताप दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर गळाच्या लहानशा जखमेचेही रक्त लवकर थांबत नाही.

खाडीत एकट्याने जाऊ नये. जीवरक्षक जाकीट अंगात असावे, होडीच्या कोपऱ्यात नव्हे. ओहोटीत होडी चिखलात रुतली तर भरतीची वाट पाहत उन्हात तासन्तास अडकावे लागते. म्हणून पाणी, दुपारची औषधे आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत मोबाइल हवाच. मदतीसाठी 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक त्यात आधीच नोंदवावेत.

बाबा या परीक्षेत उतरले. चौदा फुटी होडी मात्र मोजपट्टीने नापास केली. आता दहा फुटी, वल्ह्यांची एक होडी ठरली आहे. ती खाडीजवळ राहणाऱ्या पुतण्याच्या शेडमध्ये राहील, आणि पुतण्या बरोबर असेल तेव्हाच पाण्यात उतरेल. "इंजिनाशिवाय कसली होडी," म्हणून बाबा दोन दिवस रुसले होते. आजींचा बोळ मात्र मोकळा राहिला आणि सूनबाईंना निर्धास्त झोप लागली.

तुमच्या घरी असा हट्ट चालू असेल तर निर्णय सांगण्याआधी मोजपट्टी आणा. तिचे एक टोक त्या वडीलधाऱ्यांच्याच हाती द्या. आपण स्वतः मोजलेली अडचण माणसाला लादलेल्या नकारापेक्षा लवकर पटते.