स्टेशनाजवळचें घर : साताऱ्याहून सांगलीपर्यंत

साताऱ्याहून सांगलीस जाणारा मनुष्य आज बहुधा हमरस्त्यानें मोटारींतून जातो. ज्यास फारशी घाई नसेल त्यानें हा प्रवास एकदां आगगाडीनें, आणि तोहि दिवसाउजेडीं, करावा. कोरेगांव, रहिमतपूर, मसूर, ताकारी अशीं स्टेशनें मागें पडत जातात. उंसाचे मळे व हळदीचीं शेतें डोळे निववितात. आणि खिडकीशीं बसल्याबसल्या एक गोष्ट ध्यानांत येते. स्टेशन एकीकडे व गांव दुसरीकडे असा प्रकार या मार्गावर पुष्कळ ठिकाणीं आहे.

लोहमार्ग कृष्णेच्या पूर्वेच्या अंगानें गेला. सातारा व कऱ्हाड हीं शहरें नदीच्या पश्चिमेस राहिलीं. म्हणून साताऱ्याच्या उतारूस माहुलीच्या बाजूस उतरावें लागतें, आणि कऱ्हाडच्या उतारूस प्रभाकर कंदिलामुळें एके काळीं घरोघर ठाऊक असलेल्या ओगलेवाडीस. सणावारीं माहेरीं येणाऱ्या लेकीस हें अंतर जाणवत नाहीं. तिला आणावयास कोणी तरी जातोच. परंतु ज्याला रोज पहाटे कामावर निघावयाचें आहे, त्याचा अर्धा जीव या शेवटच्या दोन-चार मैलांत खर्ची पडतो.

याच्या अगदीं उलट उदाहरण याच मार्गावर आहे, तें किर्लोस्करवाडीचें. येथें स्टेशन गांवाकडे आलें नाहीं. गांवच स्टेशनाकडे आलें. बेळगांवांतील कारखान्याची जागा सोडणें भाग पडल्यावर कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांस औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन दिली व दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. जमीन कसली, निवडुंगाचें रान व सापांचें वसतिस्थान! १० मार्च १९१० रोजीं तेथें कारखान्याचा आरंभ झाला. सुमारें पंचवीस कामगार आपल्या कुटुंबांसह आले, आणि कारखान्याबरोबरच त्यांच्या राहण्याचीहि सोय उभी राहूं लागली. वसाहतीची व्यवस्था रामुअण्णा किर्लोस्कर पाहत. लोखंड व कोळसा रुळांवरून येई, नांगर रुळांवरून जात, आणि काम करणारा मनुष्य पायीं घरीं जेवावयास जाई. पुढें ‘किर्लोस्कर’ व ‘स्त्री’ हीं मासिकेंहि येथूनच निघालीं व महाराष्ट्रभर गेलीं. शेवटीं स्टेशनानेंच वाडीचें नांव घेतलें.

अशी कल्पना इतरत्रहि निघाली होती. इंग्लंडांत कॅडबरी बंधूंनीं १८७९ सालीं आपला कारखाना बर्मिंगहॅमच्या दाटींतून काढून रेल्वेच्या कडेस नेला व नंतर त्याच्याभोंवतीं बोर्नव्हिल हें बागबगीच्यांचें गांव वसविलें. तरी या साऱ्या प्रयोगांस एक मर्यादा आहे, ती लपविण्यांत अर्थ नाहीं. जेथें जमीन, कारखाना व घर यांचा धनी एकच, तेथें हा मेळ सहज बसतो; पण नोकरीबरोबर घरहि जाण्याची भीति राहते. आजच्या शहरांत धनी एक नाहीं, हजारों आहेत. तेथें हा मेळ घालण्याचें काम नगरपालिकेवांचून दुसऱ्या कोणाचें?

सांगलीस उतरलें म्हणजे हा प्रश्न उघडउघड समोर येतो. १९०७ सालीं सांगली संस्थानानें मिरजेच्या जंक्शनापासून आपल्या राजधानीपर्यंत लहानसा लोहमार्ग आणला. पुढें दोन्ही शहरांच्या दरम्यान विश्रामबागेसारखी वस्ती वाढत गेली, आणि १९९८ मध्यें सांगली, मिरज व कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. पण जेथें गाडी-मोटारीची सोय, तेथें जमिनीचा भाव आकाशास भिडतो. आणि गरिबास दोनच वाटा उरतात. एक नदीकांठच्या सखल भागाची, दुसरी शहराबाहेरच्या माळाची.

पहिल्या वाटेची किंमत कृष्णामाई वसूल करते. २००५, २०१९ व २०२१ या तीनहि वर्षीं तिचें पाणी शहरांत शिरलें. ऑगस्ट २०१९ मध्यें तर आयर्विन पुलाजवळ तें ५७ फुटांच्या वर गेलें. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट यांसारख्या वस्त्यांस प्रथम संसार उचलावा लागतो. मग आपण शहाणे लोक विचारतों, “हीं माणसें तेथें राहतातच कां?” उत्तर सोपें आहे. धुण्याभांड्यांचीं घरें, बाजार, मुलांची शाळा सारें तेथून पायीं गांठतां येतें. माळावरचें घर कोरडें खरें, परंतु तेथून कामावर जाण्यांत मजुरीचा मोठा वांटा भाड्यांत जातो, आणि दिवसाचे दोन तास रस्त्यांत. स्वस्त घर म्हणून जें मिळालें, तें असें महाग पडतें.

सरकारी साहाय्याची उणीव आहे असें नाहीं. जून २०१५ मध्यें प्रधानमंत्री आवास योजना निघाली. मार्च २०२३ मध्यें एस्. टी. च्या प्रवासांत स्त्रियांस निम्म्या भाड्याची सवलत लागू झाली. दोन्ही गोष्टी स्तुत्य. परंतु एक खातें घर बांधतें, दुसरें गाडी सोडतें, आणि दोघांची गांठ पडत नाहीं. ज्या वस्तींत गाडीच येत नाहीं, तेथील बाईस निम्म्या भाड्याचा काय उपयोग?

उपाय नवा शोधावयास नको. १९६६ च्या नगररचना कायद्यानें विकास आराखड्यांत सार्वजनिक कामासाठीं जमीन आरक्षित ठेवण्याचा अधिकार दिलाच आहे. स्टेशन, मोटारस्टँड व मुख्य बसमार्ग यांच्याजवळची, पुराच्या रेषेवरची कांहीं जमीन अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीं, भाव चढण्यापूर्वींच, राखून ठेवावी. नव्या वसाहतीस परवानगी देतांना नळ व गटार जसें विचारतात, तसेंच “पहिली बस कितीला व शेवटची कितीला?” हेंहि विचारावें. कुपवाडच्या कारखान्यांची पाळी सुटण्याची वेळ व बसची वेळ यांचा मेळ घालावा. शेल्टर असोसिएट्स या पुण्याच्या संस्थेनें या शतकाच्या आरंभींच सांगलीच्या झोपडवस्त्यांचे संगणकावर नकाशे केले होते. कोण कोठें राहतो हें अशा रीतीनें समजूं शकतें. त्याच नकाशावर तो कामास कोठें जातो हेंहि मांडावें.

हा विषय केवळ गरिबांचा नव्हे. आपल्या एकत्र कुटुंबांतील धाकटी पातीहि आज जागेच्या भाड्यापायीं शहराच्या कडेस जात आहे. आपल्या घरीं स्वयंपाकास येणारी बाईहि तेथूनच येते. दोघेंहि एकाच बसची वाट पाहत उभीं असतात. नगरपालिका विकास आराखड्यावर लोकांच्या हरकती व सूचना मागविते, तेव्हां आपण बहुधा स्वतःच्या भिंतीपुरता अर्ज देतों. यापुढें त्या अर्जांत त्या बसथांब्यासाठींहि दोन ओळी लिहाव्या.