देवीच्या माहेरी

आमच्या अंबाजोगाईच्या देवीला सासर नाही. माहेर मात्र आहे, आणि ते कोकणात आहे. गोष्ट अशी सांगतात, की ही कोकणची मुलगी परळीच्या वैजनाथाला देऊ केली होती. वऱ्हाड घाट चढलं, एवढा मुलूख तुडवून आमच्या गावापर्यंत आलं, आणि परळी अवघी पंचवीसेक किलोमीटर उरली असताना मुहूर्त टळला. वऱ्हाडाचे दगड झाले, आणि नवरी कुमारिका म्हणून इथंच राहिली. गावाबाहेर हत्तीखाना म्हणून कोरीव लेणी आहेत. तिथले दगडी हत्ती त्या वऱ्हाडातलेच, असं आम्हांला लहानपणी सांगत. पुढे एम. ए. झालो, लेण्यांचा इतिहास निराळा असतो हे कळलं. तरी ते हत्ती वाजंत्र्यांची वाट पाहत उभे आहेत असंच मला अजून वाटतं.

योगेश्वरी ही कित्येक कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता. मार्गशीर्षात तिचा उत्सव असतो. त्या आठवड्यात गावात अनुनासिक मराठी कानांवर येऊ लागते. वडील गेल्यावर आईने आमच्या जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या यात्रेकरूंसाठी ठेवल्या. धंदा म्हणून नव्हे. घर मोठं आणि माणसं थोडी, म्हणून. येणाऱ्यांतल्या एक होत्या दापोलीजवळच्या मुरुडच्या काकू. दर दोन-तीन वर्षांनी त्या येत. येताना आमसुलं, आंबापोळी आणि देवीच्या ओटीसाठी त्यांच्या वाडीतला नारळ आणत. जाताना आई त्यांना देवीच्या तांबुलाचा प्रसाद आणि ज्वारीचं पीठ बांधून देई. हे दळणवळण वीसेक वर्षं चाललं होतं.

पाहुण्यांना गाव दाखवण्याचं काम माझ्याकडे. मुकुंदराजांच्या समाधीपाशी मी 'विवेकसिंधू' या विषयावर निदान पंधरा मिनिटं बोलतो. ११८८ सालचा ग्रंथ आपल्या गावच्या नावावर असताना मराठीच्या प्राध्यापकाने गप्प बसणं बरं नव्हे. काकू ऐकत असत, की पायऱ्या मोजत असत, हे मला कधीच कळलं नाही. मग दासोपंतांची समाधी, त्यांची ती प्रसिद्ध पासोडी, आणि कुणाला बीडला जायचं असलं तर तिथली खजाना विहीर नि तळ्यातलं कंकालेश्वराचं देऊळ. मागे कधीतरी माझ्या ध्यानात आलं, की आमच्या जिल्ह्यात पाहण्यासारखं म्हणून जे दाखवतात त्यात निम्मं पाणीच आहे. ज्याच्या घरी जे कमी, ते तो जपून दाखवतो.

२०१५ च्या मार्गशीर्षात काकू आल्या तेव्हा दाखवायलाही पाणी नव्हतं. पाऊस दगा देऊन गेला होता. मांजरेचं धरण तळाला गेलं होतं आणि नळाला किती दिवसांनी पाणी येईल याचा भरवसा नव्हता. पुढे एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावं लागलं, ते हेच साल. आईने काकूंच्या खोलीत एक बादली ठेवली. ती पाऊणच भरलेली होती. काकूंना देवीला जाण्यापूर्वी डोक्यावरून न्हायचं होतं. त्यांनी सहज विचारलं, "वहिनी, आणखी एक बादली मिळेल?" आणि आई काहीच बोलली नाही. स्वयंपाकघरात गेली ती पुष्कळ वेळ बाहेर आली नाही. मी आत डोकावलो तर पिण्याच्या हंड्यात पेला बुडवून ती पाण्याची खोली पाहत होती.

काकू समजल्या. पाऊण बादलीत न्हाल्या. निघताना आईचे हात धरून म्हणाल्या, "आता तुम्ही यायचं आमच्याकडे. देवीच्या माहेरी. पाणी हवं तेवढं!" त्यांच्या मनात काही नव्हतं. पण ते शेवटचं वाक्य आईला लागलं. पंक्तीत एखाद्याला पोळी कमी पडावी आणि ते चारचौघांत दिसावं, तसं तिला झालं. दोन वर्षं तिने मुरुडचा विषय काढू दिला नाही.

अखेर २०१७ च्या नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो: आई, सौ., मुलगी आणि मी. सौ.ने आईला कसं वळवलं हे मला सांगण्यात आलेलं नाही. माझ्यापुरतं म्हणाल, तर समुद्र मी पंधरा वर्षं वर्गात शिकवला होता. त्याच्या गाजेवर, भरती-ओहोटीच्या प्रतीकांवर टिपणं दिली होती. प्रत्यक्षात मात्र तो एकदाच, मुंबईत गेटवेपाशी पाहिला होता. तेव्हा माझं सगळं लक्ष खिशातल्या पाकिटाकडे होतं.

घाट उतरताना आई खिडकीतून हिरवळ पाहत होती आणि अधूनमधून "कुणाचं आहे एवढं?" असं विचारत होती. मुरुडला पोचलो तो संध्याकाळ झाली होती. काकूंचं घर म्हणजे पोफळी नि माडांच्या दाटीत लपलेली चार खोल्यांची कौलारू बैठक. मागीलदारी विहीर, विहिरीवर रहाट, आणि पाणी हाताने घ्यावं इतकं वर. आईने ओणवून पाहिलं आणि लगेच मागे सरली. रात्री न्हाणीघरात तिने एक बादली घेतली, आणि तीही पाऊण. काकू दाराशी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. रहाटावरून दुसरी बादली आणून आत ठेवली आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तशीच भरलेली होती.

पुढचे दोन दिवस आम्ही प्रेक्षणीय स्थळं पाहिली. हे काम नीट करायचं तर पायांत बळ आणि मनात थोडा निर्लज्जपणा लागतो. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती पाहिला; कनकदुर्गावरचं दीपगृह पाहिलं; होडीने सुवर्णदुर्गात गेलो. १७५५ साली पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, हे मी होडीत सांगू लागलो. पण होडी डुलू लागल्याबरोबर इतिहासाचा भाग मी आवरता घेतला. डॉल्फिन दाखवणारी बोटही असते. दिसला तर डॉल्फिन, न दिसला तर समुद्र, पैसे तेवढेच. आम्हांला समुद्र दिसला. पालगडला जाऊन साने गुरुजींच्या जन्मगावाला नमस्कार केला. तिथे मात्र मला काही सांगावंसं वाटलं नाही.

आई रमली ती आसूदच्या केशवराजाला. ओढ्यावरचा पूल ओलांडायचा, पोफळींतून पायऱ्या चढायच्या आणि वर देवळाच्या आवारात गोमुखातून बारमाही झुळझुळणारं पाणी. आईने ओंजळ धरली. ओंजळ भरून सांडू लागली तशी तिने घाईने दुसऱ्या हाताची कड जवळ घेतली, पाणी वाया जाऊ नये म्हणून. शेजारी कुणी शहरी मुलं एकमेकांवर पाणी उडवत होती. आईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. रागाने नव्हे, काहीतरी हिशेब जुळत नसला म्हणजे माणूस पाहतो तसं.

राहिला होता हर्णैचा मासळीचा लिलाव. पाहायला लांबून लोक येतात. आई माळकरी, आमच्या घरात लसूणसुद्धा जपून. ती येणार नाही हे मी धरून चाललो होतो. गंमत अशी, की काकूही येईनात. "सत्तर वर्षांत मी त्या बंदरावर गेलेले नाही," त्या म्हणाल्या. बंदर त्यांच्या घरापासून पायी जाण्यासारखं. मी हसलो, आणि मग आठवलं, की हत्तीखान्यात पाहुण्यांशिवाय मी स्वतः किती वर्षांत गेलो नव्हतो. आई मात्र म्हणाली, "मी येते. घरात बसून काय करू?"

संध्याकाळी पाचच्या सुमारास किनाऱ्यावर पोचलो. वास एखाद्या भिंतीसारखा समोर आला. आईने पदर नाकाला लावला. हर्णैला पाणी उथळ, त्यामुळे मोठ्या होड्या काठाला लागत नाहीत. दूर नांगर टाकून उभ्या राहतात. मासळी काठाला आणायची ती छोट्या होड्यांतून, नाहीतर बैलगाड्यांतून. होय, बैलगाड्यांतून! गाडीवान बैल थेट समुद्रात घालतात. बैलांच्या पोटाला लाटा लागतात, गाडीची चाकं अर्धी बुडतात, आणि पाटीवर पाटी भरून गाडी माघारी वळते. वाळूवर कोळंबीचे, बांगड्यांचे ढीग पडतात. भोवती घोळका जमतो, बोली चढते, एवढ्यात ढीग विकला जातो आणि घोळका पुढच्या ढिगाकडे सरकतो. बायका यात कुठेही मागे नाहीत. एका बाईने भाव असा पाडला, की आमच्या कॉलेजातल्या वादविवाद मंडळाने तिच्याकडे शिकवणी लावावी.

आईचं लक्ष यांतल्या कशाकडेच नव्हतं. तिने बैल पाहिले आणि पदर केव्हा खाली आला तिलाच कळलं नाही. आमच्या जिल्ह्यात बैलगाडी म्हटली की डोळ्यांपुढे येतो तो ऊसतोडीचा तांडा. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोद्याकडची माणसं गाडीवर कोयता, भांडी, पोरं आणि कोंबड्या लादून कारखान्यांच्या वाटेला लागतात. आमच्या वाड्यावरून रात्रभर त्या गाड्यांची घुंगरं वाजत जायची. आता ट्रकने, ट्रॅक्टरने जातात, पण आईच्या कानांत घुंगरं आहेत. तिचा धाकटा भाऊ असाच गाडी जुंपून जात असे. ज्या वर्षी पाऊस नाही त्या वर्षी गाड्या जास्त. समुद्राच्या पाण्यातून येणारा एक पांढरा बैल, एक शिंग मोडलेला, मान खाली घालून गाडी ओढत होता. आई सरळ चालत त्याच्यापाशी गेली. वहाणा भिजल्या, लुगड्याचा काठ भिजला.

"दादा, खाऱ्या पाण्यानं पाय उकलत नाहीत का ह्याचे?" तिने गाडीवानाला विचारलं.

"उकलतात की. घरी नेला की गोड्या पाण्यानं धुतो. चार घागरी लागतात."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात कुठलं गोडं पाणी, आजी? आमच्या वाडीला तेव्हा टँकर येतो. पयला बैलाला, मग आपल्याला."

आई त्याच्याकडे पाहतच राहिली. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो तो हा मुलूख! आमच्याकडे ६००-७०० पडला तरी आम्ही देवीला नैवेद्य दाखवतो. पण इथला डोंगर पाणी धरत नाही. आलं तसं ते चार महिन्यांत उतरून समुद्राला मिळतं, आणि मे महिन्यात कोकणातल्या कितीतरी वाड्या टँकरची वाट पाहत बसतात. हे मी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. आईने ते समुद्रात पाय भिजवून, बैलाच्या मानेवर हात ठेवून ऐकलं.

घरी आल्यावर तिने काकूंना विचारलं, "तुमच्या विहिरीचंही तळ दिसतं का हो?" काकूंनी जरा वेळ लावला. "मे अखेरीला दिसतं," त्या म्हणाल्या. "मग दिवसाआड न्हातो." त्या रात्री आईने दोन बादल्या घेतल्या. दुसरी बादली डोक्यावर ओतल्याचा आवाज माजघरात आम्हां सगळ्यांना ऐकू आला. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ त्या किनाऱ्यावर आलं. टाळेबंदीचे दिवस, आम्ही घरात बसून बातम्यांत दापोली, हर्णै ही नावं ऐकत होतो. चार दिवस काकूंचा फोन लागला नाही. लागला तेव्हा त्या फार बोलल्या नाहीत. कौलं गेली, माड पडले, आणि पोफळी तर काड्यांसारख्या मोडल्या. पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात. सत्तरी ओलांडलेल्या बाईने ती पुन्हा लावायची म्हणजे कुणासाठी, हे त्यांनी विचारलं नाही, आणि आईनेही उत्तर द्यायचा प्रयत्न केला नाही. वाहतूक सुरू झाल्यावर तिने माझ्याकडून ज्वारीचं एक पोतं पाठवलं. पोत्यात चिठ्ठी घालायला लावली. मला वाटलं, धीराचे चार शब्द असतील. चिठ्ठीत एवढंच होतं: हर्णैच्या बंदरावर एक शिंग मोडलेला पांढरा बैल आहे, तो वादळात वाचला का, ते कळवावे.

उत्तर आलं नाही. २०२१ च्या मार्गशीर्षात काकू स्वतःच आल्या, पुतण्याला घेऊन. बऱ्याच वाळल्या होत्या. ओटीचा नारळ या वेळी विकतचा होता; तसं त्यांनी आधीच सांगून टाकलं. त्या वर्षी आमच्याकडे पाऊस उदंड झाला होता, मांजरा भरून वाहिली होती. आईने न्हाणीघरात दोन बादल्या काठोकाठ भरून ठेवल्या आणि तिसरी उंबऱ्यावर.

चहा घेताना काकू म्हणाल्या, "वहिनी, तुमची चिठ्ठी वाचली नि गेले हो बंदरावर. एवढ्या वयात पहिल्यांदा. नाकाला पदर लावून उभी राहिले घटकाभर."

"मग?"

"आहे. उजवं शिंग मोडलेलं ना? आता डाव्या अंगाला जुंपतात त्याला."

"डाव्या अंगाला का बरं?" आईने विचारलं, आणि काकू पेला खाली ठेवून तिला ते नीट सांगू लागल्या.