गुण दिले, शिक्षण कुठाय?

२०२१ साली परीक्षा न होताच, शाळांनी दिलेल्या गुणांवर राज्याचा दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या बॅचची परभणीतल्या आमच्या वस्तीतली एक कबड्डीपटू पोरगी. गुणपत्रिकेत ८० टक्क्यांच्या पुढे, पण बँकेचा अर्ज वाचताना अडखळते. खेळाडूंच्या सवलतीच्या गुणांना माझा विरोध नाही. मैदानात घाम तिनेच गाळलाय. विरोध आहे तो न शिकवता वाटलेल्या गुणांना.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९९३ ते २०११ दरम्यान ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी नावापुरत्या वर्गांतून गुण घेतले. त्यातले जवळपास निम्मे खेळाडू होते. विद्यापीठाला संघ मिळाले, पोरांना काय मिळालं? आणि आरक्षण म्हटलं की 'मेरिट'ची बोंब मारणारे या खिरापतीवर गप्प का?

ती पोरगी हल्ली रोज संध्याकाळी विहारात येऊन मोठ्यानं पेपर वाचते. अग्रलेखाला अजून अडते.