पालखीपूर्वीचे सहा महिने

श्रावणातल्या एका सकाळी खेडजवळच्या आमच्या घराच्या शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि सारा भार टेकलेल्या उजव्या हातावर आला. हाड शाबूत राहिले. पण हात वर नेऊ लागलो की तो मध्येच गळून पडे आणि रात्री त्या कुशीवर वळणे अशक्य होई. तपासणीअंती कळले, की ‘रोटेटर कफ’मधील एक कंडरा हाडापासून सुटली आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा उथळ खोबणीत धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या या कंडरा. त्यांतील सर्वांत वरची बहुधा आधी फाटते.

गणपती उरकताच मुंबईत शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांना माझा पहिला प्रश्न होता शिमग्याचा : पालखीला खांदा देता येईल ना? ते कोकणातले नसावेत. त्यांनी विचारले, पालखीचे वजन किती?

हात झोळीत अडकवून खेड स्थानकावर उतरलो, तेव्हा जगबुडी अजून गढूळ वाहत होती. २०२१ च्या जुलैत हिचेच पाणी खेडच्या बाजारपेठेत शिरले होते. नाव ठेवणाऱ्यांनी उगीच ठेवलेले नाही. पुढचे सहा आठवडे माझे जग पडवीपुरते झाले. आडवे झाल्यावर खांदा ठणके, म्हणून आजोबांच्या आरामखुर्चीतच झोपू लागलो. समोरची भातशेती हिरवीची पिवळी झाली आणि कापणीही झाली. मी मात्र मनगट आणि बोटे तेवढी हलवीत बसलो होतो.

झोळी सुटल्यावर पुढे वाकून हात लंबकासारखा सैल झुलवायचा, हा पहिला व्यायाम. मग पडवीच्या वाशाला विहिरीची जुनी कप्पी बांधली आणि दोराच्या साहाय्याने डाव्या हाताने उजवा वर ओढू लागलो. भिंतीवर बोटे चालवीत जिथवर हात पोहोचे, तिथे आई पेन्सिलीने खूण करून तारीख घालीत असे. त्याच भिंतीवर कधीकाळी तिने माझी उंची मोजली होती.

खेड शहरात गरम पाण्याचे कुंड आहे. जखम पूर्ण भरल्यावर फिजिओथेरपिस्टच्या संमतीने तेथे जाऊ लागलो. ऊब मिळताच आखडलेले स्नायू सैलावत आणि व्यायाम सोपा होई. गावातले जाणते सांगत, या पाण्याने सांधे जुळतात. मला तसा अनुभव नाही. तुटलेली कंडरा उबेने जुळत नाही. तिला रक्तपुरवठा मुळातच कमी, त्यामुळे ती हाडाला सावकाश धरते.

हे मला ठाऊक होते, तरीही चूक केलीच. आठव्या आठवड्यात दुखणे जवळजवळ थांबले होते. खळ्यावर भात उपणण्याचे काम चालले होते. वाऱ्याची झुळूक आली आणि मी उत्साहाने सूप डोक्यावर उचलले. खांद्यातून अशी कळ गेली, की भातासकट सूप खाली आले. “तुला कोणी सांगितलं होतं रे?” एवढेच आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट म्हणाली, “काका, दुखणं थांबलं म्हणजे जोड पक्का झाला असं नाही. पहिले तीन महिने तो कच्चाच असतो.” सुदैवाने टाके सुटले नव्हते. व्यायाम मात्र दोन आठवडे मागे गेला आणि भिंतीवरची खूणही खाली सरकली.

सचिन तेंडुलकरच्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला त्याने नाबाद १४१ धावा केल्या. बत्तिशीतल्या त्या कसलेल्या खेळाडूलाही मधले सहा महिने द्यावेच लागले. माझी पन्नाशी उलटलेली.

हात अडला तरी पाय मोकळे होते. पौषात रसाळगडावर गेलो. चढ फारसा कठीण नाही. पण तोल गेल्यास आधाराला एकच हात, हे भान ठेवून जपून पावले टाकली. झोलाई देवीच्या देवळापाशी बसलो, विखुरलेल्या तोफा पाहिल्या. त्यांतली एखादी वर कशी चढवली असेल, हा विचार खांद्यानेच केला असावा.

तीन महिन्यांनंतर रबरी पट्ट्यांचे व्यायाम सुरू झाले. फाल्गुनात पालखी निघण्याच्या आठवडाभर आधी फिजिओथेरपिस्टने निर्णय दिला : उजव्या खांद्यावर भार नाही, नाचवणे तर नाहीच, अंगणात येईल तेव्हा चार पावले डाव्या खांद्यावर घ्या.

पालखी आली. खांदेकऱ्यांनी दांडी डाव्या खांद्यावर दिली आणि तिला धरण्यासाठी उजवा हात आपसूक वर गेला. आई दारात उभी होती. तिने आधी माझ्या हाताकडे पाहिले, मग भिंतीवरच्या शेवटच्या खुणेकडे.