बाण नसलेला नकाशा: 'मॉरोविंड', 'स्कायरिम' आणि साधनांचे वाचन

१/ मंडळी, आजचा थ्रेड कोणत्याही राजघराण्यावर वा लढाईवर नाही. तो एका गेम-मालिकेवर आहे: 'द एल्डर स्क्रोल्स'. या कल्पित विश्वातील रोल-प्लेइंग मालिकेचे जुने आणि नवे भाग शेजारी ठेवले, की इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पडणारा एक प्रश्न समोर उभा राहतो. भूतकाळ आपल्याला कळतो, तो नेमका कसा?

२/ ज्यांना ही मालिका अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडी ओळख. बेथेस्डा या अमेरिकी कंपनीने १९९४ मध्ये 'अरीना' हा पहिला भाग आणला. त्यानंतर 'डॅगरफॉल' (१९९६), 'मॉरोविंड' (२००२), 'ऑब्लिव्हियन' (२००६) आणि 'स्कायरिम' (२०११) हे मुख्य भाग आले. सर्वांची भूमी एकच, टॅमरिएल नावाचे खंड. 'मॉरोविंड'पासून पुढे प्रत्येक भाग त्यातील एका प्रांतात घडतो.

३/ मी या मालिकेत उलट्या दिशेने शिरले. 'स्कायरिम' शाळेत असताना खेळले आणि 'मॉरोविंड' एम.ए.च्या पहिल्या वर्षी. दिवसा वर्गात साधनचिकित्सा शिकायची आणि रात्री हा जुना गेम खेळायचा, असे काही महिने चालले. दोन्हीकडे एकच काम करावे लागते आहे, हे लवकरच ध्यानात आले.

४/ जुन्या-नव्या भागांची तुलना बहुधा चित्रांवरून आणि लढाईवरून होते. 'मॉरोविंड'मध्ये तलवार शत्रूच्या अंगावर पडलेली डोळ्यांना दिसते, पण आत अदृश्य फासे टाकले जातात आणि वार फुकट जातो. 'स्कायरिम'मध्ये लागलेला वार लागतोच. हा फरक खरा आहे. मला मात्र दुसरा फरक अधिक मोलाचा वाटतो, आणि तो वाट शोधण्यापासून सुरू होतो.

५/ 'मॉरोविंड'मध्ये तुम्ही सुटका झालेले कैदी म्हणून सेडा नीन नावाच्या लहानशा बंदरात उतरता. बालमोरा गावी जाऊन केयस कोसाडेस या माणसाला भेटा, एवढाच आदेश हाती असतो. पडद्यावर बाण नाही. लोकांना विचारायचे, त्यांनी सांगितलेल्या खुणा ध्यानात ठेवायच्या आणि चालू लागायचे. रोजनिशीत नोंद होते ती सांगणाऱ्याच्या शब्दांची. तो संदिग्ध बोलला असेल, तर तुम्ही डोंगरात भटकता.

६/ २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'ने पडद्यावर होकायंत्र आणले आणि त्यावर पुढच्या मुक्कामाची खूण दाखवली. 'स्कायरिम'नेही तीच रीत ठेवली. याच काळात आणखी एक बदल झाला. 'मॉरोविंड'मधील बहुतेक संभाषण वाचायचे असे. 'ऑब्लिव्हियन'पासून सर्व पात्रे बोलू लागली. ध्वनिमुद्रित प्रत्येक वाक्याला नटाचा वेळ आणि डिस्कवरची जागा लागते. साहजिकच उत्तरे आटोपशीर झाली.

७/ याला ऱ्हास म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. 'स्कायरिम'च्या कोट्यवधी प्रती खपल्या, त्या याच सुलभतेच्या बळावर. माझ्यासारख्या शाळकरी मुलीला या विश्वाचे दार उघडून दिले ते त्या बाणानेच. प्रश्न एवढाच आहे की, जो बाण वाट दाखवतो, तोच भूतकाळाचा अर्थही दाखवू लागला तर काय होते?

८/ 'मॉरोविंड'च्या मुख्य कथेचा पूर्वार्ध पाहा. केयस हा सम्राटाचा हेर. तो तुम्हाला लढायला पाठवण्यापूर्वी माहिती गोळा करायला पाठवतो. एका जाणकाराकडून टिपणे आणा, दुसरीचे काम करून तिच्याकडील टिपणे मिळवा, मग व्हिवेक नगरीतील खबऱ्यांना गाठा. त्यांतील मेहरा मायलो ही धर्मपीठाच्या ग्रंथालयात असते, आणि धर्मपीठानेच बंदी घातलेल्या एका पुस्तकाकडे ती तुमचे लक्ष वेधते. ज्याने कधी अभिलेखागारात पाऊल ठेवले आहे, त्याला ही सारी धावपळ ओळखीची वाटेल.

९/ शोध कशाचा? नेरेव्हार नावाच्या प्राचीन सेनानीच्या मृत्यूचा. रेड माउंटनच्या लढाईनंतर ड्वेमर ही अख्खी जमात नाहीशी झाली आणि नेरेव्हारही मरण पावला. त्याचे तीन सहकारी, व्हिवेक, आल्मलेक्सिया आणि सोथा सिल, पुढे देवपदाला पोहोचले. आज या भूमीवर त्यांच्याच धर्मपीठाचा अंमल आहे. म्हणजे नेरेव्हार कसा मेला, हा प्रश्न जुना असला तरी त्याचे उत्तर आजच्या सत्तेचा पाया आहे.

१०/ आता साधने मांडू. धर्मपीठ म्हणते, तो लढाईतील जखमांनी गेला. राखरानात राहणारे भटके अ‍ॅशलँडर म्हणतात, त्या तिघांनीच शपथ मोडून त्याचा खून केला. धर्मपीठातून फुटलेल्या पुरोहितांनी ही मौखिक परंपरा लिहून जपली. प्रत्यक्ष व्हिवेक भेटतो तेव्हा शपथ मोडल्याचे मान्य करतो, खून मात्र नाकारतो. आणि त्याच व्हिवेकच्या नावावरील ३६ प्रवचनांत सांकेतिक रीतीने दडवलेला एक खुनाचा कबुलीजबाब आहे. मायकेल कर्कब्राइड यांनी लिहिलेली ही प्रवचने गेममध्ये ३६ सुट्या पुस्तकांच्या रूपाने विखुरलेली आहेत.

११/ गेम निकाल देत नाही. तो तुम्हाला प्रश्नांपाशी सोडून देतो. हे कोणी लिहिले? केव्हा आणि कोणासाठी? त्यात कोणाचा लाभ? धर्मपीठाचा स्वार्थ उघड आहे. पण अ‍ॅशलँडरही निःस्पृह नव्हेत. स्थायिक घराण्यांनी त्यांना कडेला लोटले आहे आणि खुनाची कथा ही त्यांच्या गाऱ्हाण्याची सनद आहे. कबुलीजबाब पाहावा, तर तो गूढ काव्यमय ग्रंथातला. त्याला साक्षीदाराची जबानी मानायचे, की पश्चात्तापाचे रूपक?

१२/ विसंगतीशी जगण्याची ही सवय मालिकेला 'डॅगरफॉल'पासून आहे. त्या गेमचे शेवट अनेक होते आणि ते परस्परांना छेद देणारे होते. पुढच्या भागांसाठी त्यांतील एक निवडून बाकीचे पुसणे सोपे होते. लेखकांनी वेगळेच केले. काळच काही क्षण दुभंगला आणि ते सारे शेवट एकाच वेळी घडले, असे त्यांनी ठरवले. या दुभंगाला या विश्वात 'ड्रॅगन ब्रेक' म्हणतात. इतिहासकाराला ही सवलत मिळत नाही. पण परस्परविरोधी साधनांपैकी एक फाडून टाकायचे नाही, ही वृत्ती ओळखीची आहे.

१३/ 'मॉरोविंड'मध्ये तुम्ही स्वतःदेखील एक वादग्रस्त साधन आहात. नेरेव्हार पुन्हा जन्म घेईल अशी भविष्यवाणी आहे आणि तुम्ही तिच्या बाह्य लक्षणांत बसता, म्हणून सम्राटाने तुम्हाला इथे पाठवले आहे. यापूर्वीच्या अयशस्वी दावेदारांची भुते एका गुहेत तुम्हाला भेटतात. पानिपतानंतर अवतरलेला भाऊसाहेबांचा तोतया आपल्याला ठाऊक आहे. १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. तिथेही 'तो खरा होता का' याच्या इतकाच 'लोकांनी त्याला का मानले' हा प्रश्न मोठा आहे.

१४/ आता 'स्कायरिम'. इथेही कथेच्या मध्यभागी इतिहास आहे. अल्डुइन नावाचा ड्रॅगन परतला आहे आणि पूर्वजांनी त्याला कसे हरवले हे शोधायचे आहे. एका प्राचीन मंदिरात या कथेची कोरीव भिंत आहे. परंतु ती वाचतो एस्बर्न हा वृद्ध जाणकार. तो मशाल घेऊन भिंतीपुढून सरकत जातो, चित्रांचा अर्थ लावतो आणि आपण शेजारी उभे राहून ऐकतो. साधन आहे, वाचन मात्र दुसऱ्याचे.

१५/ पुढचा प्रसंग अधिक बोलका आहे. सर्वांत उंच शिखरावर जाऊन तुम्ही एक 'एल्डर स्क्रोल' उघडता आणि भूतकाळ थेट डोळ्यांपुढे उलगडतो. गॉर्मलेथ, हाकोन आणि फेल्डिर हे तीन वीर अल्डुइनशी झुंजताना दिसतात. मध्ये साक्षीदार नाही, लेखनिक नाही, नक्कलकार नाही. भूतकाळ जसा घडला तसा दाखवावा, हा एकोणिसाव्या शतकातील जर्मन इतिहासकार रांके यांचा आदर्श इथे अक्षरशः साकार होतो.

१६/ तो प्रसंग देखणा आहे आणि आजही मला आवडतो. पण तो माझ्याकडून काहीच मागत नाही. नेरेव्हारचा मृत्यू मला कधीच पाहता आला नाही; म्हणून मला वाचावे लागले, तोलावे लागले, ठरवावे लागले. अल्डुइनचा पराभव मी पाहिला. म्हणून मला फक्त पुढे जावे लागले. दोन गेममधील नऊ वर्षांचे अंतर माझ्या लेखी या दोन वाक्यांत आहे.

१७/ तरी 'स्कायरिम'ला एवढ्यावर निकालात काढता येत नाही. तिथल्या यादवी युद्धात जुना संशय जिवंत आहे. उल्फ्रिक स्टॉर्मक्लोकने राजा टोरिगला मारले. त्याचे समर्थक याला प्राचीन रिवाजानुसार झालेले द्वंद्व म्हणतात. सॉलिट्यूडच्या दरबारी तो खून आहे. उल्फ्रिकला शहराबाहेर जाऊ देण्यासाठी दरवाजा उघडणाऱ्या रॉगव्हिरचा शिरच्छेद तुमच्यादेखत होतो. घटना एकच, तिला नाव काय द्यायचे यावर राज्य दुभंगले आहे.

१८/ मार्कार्थ शहर जिंकताना उल्फ्रिकने अत्याचार केले, असे सांगणारे पुस्तक एरिआनस एरिअस या साम्राज्यवादी विद्वानाचे आहे. हाच लेखक दुसऱ्या पुस्तकात त्या भागातील मूळ रहिवाशांची कड घेतो. मग तो साक्षीदार, की वकील? थालमोर या शत्रुपक्षाच्या दूतावासात उल्फ्रिकवरील गुप्त टिपण सापडते. तो एकेकाळी त्यांचा कैदी होता आणि यादवी लांबण्यातच त्यांचे हित आहे. कागद अस्सल आहे. पण हेरखात्याचे कागद वरिष्ठांना आपले यश दाखवण्यासाठीही लिहिले जातात, हे विसरून चालत नाही.

१९/ म्हणजे नव्या भागातून साधने नाहीशी झालेली नाहीत. ती वाटेच्या कडेला सरकली आहेत. बाण तुम्हाला दूतावासात घेऊन जातो, पण ते टिपण वाचण्यासाठी थांबायचे की नाही, ते सांगत नाही. 'मॉरोविंड'मध्ये वाचल्याविना वाट सापडत नसे. 'स्कायरिम'मध्ये वाचन ऐच्छिक आहे. तरीही उल्फ्रिक नायक की खलनायक यावर खेळाडू अजून भांडतात. अल्डुइनच्या पराभवावर कोणी भांडत नाही.

२०/ हे सारे मला का लागते, ते सांगते. माझ्या प्रबंधात पाटीलकीच्या एका वादाचे कागद आहेत. दोन घराणी, दोघांचे करीने, आणि प्रत्येकाच्या बाजूने शपथेवर बोलणारी माणसे. घरी विचारतात, 'मग पाटीलकी खरी कोणाची?' मार्गदर्शक विचारतात, 'हा कागद इतकी वर्षे कोणी जपला आणि का?' पहिला प्रश्न बाण मागतो, दुसरा वाचन. मला दोन्ही प्रश्न प्रामाणिक वाटतात, पण पदवी दुसऱ्यासाठी मिळते, आणि ते योग्यच आहे.

२१/ आपल्या या थ्रेडखालीही हीच मागणी असते: 'थोडक्यात सांगा, खरे काय? चूक कोणाची?' आणि थ्रेड हा प्रकारच मुळात बाणासारखा आहे. वीस-बावीस तुकडे, शेवटी एक निष्कर्ष, लगेच पुढे पाठवता येईल असा. ज्या काळात इतिहासाच्या एका वाक्यावरून गावे तापतात, त्या काळात माझ्यासारखीने वाचकाच्या हाती केवळ बाण द्यावा, की साधनेही द्यावीत? मी साधनांच्या बाजूची आहे, त्यामुळे थ्रेड लांबला तरी चालेल.

२२/ म्हणून एक गृहपाठ. 'स्कायरिम' खेळत असाल, तर एरिअसची ती दोन्ही पुस्तके एकापाठोपाठ वाचा. 'मॉरोविंड' सुरू करणार असाल, तर व्हिवेकला भेटण्यापूर्वी धर्मपीठाची आणि फुटीर पुरोहितांची बाजू वाचून घ्या. मग खाली लिहा. नेरेव्हारला कोणी मारले, हे लिहू नका. कोणत्या साधनावर विश्वास ठेवला आणि का ठेवला, ते लिहा. मी प्रत्येक उत्तर वाचणार आहे.