रिकामी चौकट

आमच्या अणदूरला खंडोबा सव्वादहा महिने असतो. मार्गशीर्षात देव नळदुर्गजवळ मैलारपूरला जातो; त्यासाठी दोन्ही गावांत लेखी करार होतो. तिथली पौष पौर्णिमेची यात्रा झाली की परत येतो. मधले पावणेदोन महिने आमचा गाभारा मोकळा. तरी माझी आई रोज जायची, उंबऱ्यावर डोकं टेकून भंडारा लावून यायची.

१९९३ च्या मार्गशीर्षात मी त्याच उंबऱ्याशी बसले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटेच्या भूकंपात सास्तूरचं माझं आजोळ गेलं. माळवदाखाली आजी गेली, तिचा एकुलता एक फोटोही गेला. डोळे मिटले तरी तिचा चेहरा समोर येईना, आणि त्याची मला फार भीती वाटायची.

चित्रकलेचे सर शेजारी येऊन बसले. गाभाऱ्याकडं बघत त्यांनी मला लेनिनग्राडची गोष्ट सांगितली. बारकावे मी पुढं वाचले. १९४१ च्या सप्टेंबरात जर्मनांनी त्या शहराला वेढा घातला, तो जवळजवळ नऊशे दिवस. लाखो माणसं उपासमारीनं मेली. हर्मिटाज संग्रहालयातल्या अकरा लाखांवर वस्तू त्याआधीच आगगाड्यांनी उरलकडं हलवल्या होत्या. चौकटी मात्र भिंतींवरच ठेवल्या, चित्रं परत येणार म्हणून. त्याच ऑक्टोबरात संचालक ओर्बेलींनी निजामी या फारसी कवीची आठशेवी जयंती साजरी केली. मला ओर्बेलींचं हे धाडस फार मोठं वाटतं, पण सरांचा जीव गुंतला होता तो पावेल गुबचेव्हस्कीत. १९४२ च्या वसंतात काही तरुण सैनिक सामान हलवायला आले. त्यांचे आभार मानायला या कलाअभ्यासकानं त्यांना दालनादालनांतून फिरवलं आणि एकेका रिकाम्या चौकटीपुढं थांबून तिथलं चित्र सांगितलं.

सरांनी पिशवीतून कागद काढला. "सांग बाळा. मी काढतो."

"काय सांगू? आठवत नाही."

"कुंकू केवढं लावायची?"

आडवी चिरी. मग नाक. मग हनुवटी, ती चारदा खोडावी लागली. "कान?" सरांनी विचारलं, आणि एकदम आठवलं: बुगडीच्या ओझ्यानं उजव्या कानाची पाळी फाटली होती, म्हणून ती त्या बाजूचा पदर पुढं ओढून घ्यायची. सरांनी पदर काढला आणि कागदावर आजी आली.

सर आता नाहीत. गुबचेव्हस्कीला तर मी पाहिलंही नाही. दोघांचं देणं माझ्यावर आहे.

कागदाच्या कोपऱ्यावर सरांच्या अंगठ्याचा भंडारा लागला होता. घरी आईनं तो कागद चुलीच्या उजेडात धरला, बराच वेळ बघितला.

"पदर असाच घ्यायची," म्हणाली.