मिर्लांद घरी आली त्याची हकीकत

पुणे,
दिनांक 12 मार्च 2023

चि. सौ. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोहोचले. तुमच्या श्टुटगार्टच्या बिऱ्हाडासमोर राहणाऱ्या तुर्की कुटुंबाचे आप्त 6 फेब्रुवारीच्या भूकंपात कहरामानमाराशकडे ढिगाऱ्याखाली सापडल्याची वार्ता आली, तेव्हा तू व अनिरुद्ध रात्रभर त्यांच्यापाशी बसून राहिलात, हे वाचून माझे मन भरून आले. त्या दुःखाच्या सहवासातून तेथील एखादे निराधार मूल आपण दत्तक घ्यावे असा जो संकल्प तुमच्या मनात उत्पन्न झाला, तोही तुमच्या स्वभावास साजेसाच आहे. मात्र, श्रीधरदादा व वसुधावहिनी यांनी हैतीच्या भूकंपानंतर पंधरवड्याच्या आत मिर्लांदला घरी आणले, मग आम्हांस ते का साधू नये, असे जे तू विचारले आहेस, त्याचे उत्तर एका ओळीत देता येण्याजोगे नाही. त्या हिवाळ्यात मी न्यू जर्सीस त्यांच्याकडेच होतो व जे घडले ते डोळ्यांनी पाहिले; म्हणून ती हकीकत तुला मुळापासून सांगतो.

श्रीधर व वसुधा यांनी हैतीतील मूल दत्तक घेण्याचा अर्ज केला तो 2007 साली, म्हणजे भूकंपापूर्वी दोन वर्षांहून अधिक काळ आधी. त्या देशाचा दत्तकाचा कायदा त्या वेळी 1974 सालचा होता. दत्तक घेणाऱ्या दांपत्यापैकी एकाचे वय पस्तिसाच्या वर असावे ही त्यात अट होती, आणि ज्यांना औरस अपत्य आहे त्यांना खुद्द राष्ट्राध्यक्षांकडून सूट मिळवावी लागे. त्यांचा मुलगा अमेय तेव्हा शाळेत जात होता, त्यामुळे त्या सुटीचा अर्ज करणे आले. त्यापुढे समाजकल्याण खात्याची चौकशी, मग न्यायालयाचा हुकूमनामा, मग त्याची नोंद, मग गृहखात्याची मंजुरी, मग पारपत्र आणि सरतेशेवटी अमेरिकन वकिलातीचा परवाना, असा तो मार्ग होता; आणि प्रत्येक टेबलावर ते दप्तर महिनोन्महिने पडून राही. श्रीधर चिडे. वसुधा मात्र आलेल्या प्रत्येक कागदाची नक्कल काढून, तारीखवार लावून, एका निळ्या बाडात बांधून ठेवी. त्या बाडाचे मोल पुढे किती झाले ते सांगतोच.

त्या बाडात एक कागद होता तो मी आजही विसरलो नाही. पोर्तोप्रिन्समधील एका न्यायाधिकाऱ्यासमोर मुलीच्या आईने दिलेली ती जबानी होती. मृणाल, हे नीट ध्यानात घे की मिर्लांदला आई होती, आणि आहे. अनाथालयात असलेले प्रत्येक मूल अनाथच असते असा जो समज आपल्याकडे व पाश्चात्त्य देशांत सारखाच रूढ आहे, तो हैतीच्या बाबतीत तर फारच चुकीचा आहे. फ्रेंच मळेवाल्यांच्या गुलामांनी बंड करून 1 जानेवारी 1804 रोजी ज्या देशाचे स्वातंत्र्य पुकारले, त्याच देशावर 1825 साली फ्रान्सने आपल्या मळेवाल्यांच्या नुकसानभरपाईदाखल 15 कोटी फ्रँकांची खंडणी लादली, आणि ती व तिच्यापायी काढलेली कर्जे फेडण्यात त्या राष्ट्राच्या पिढ्यांमागून पिढ्या दरिद्री झाल्या. अशा ठिकाणी मूल अनाथालयाच्या दारी पोहोचते ते बहुधा आईबाप मेल्यामुळे नव्हे, तर त्यास जेवू घालणे व शाळेत धाडणे अशक्य झाल्यामुळे. मिर्लांदची आई बाजारात कोळसा विकत असे. तिला लिहिता येत नव्हते. जबानीखाली तिचा अंगठा होता, आणि तो दोनदा उमटवलेला होता. पहिला शाईने फरफटला म्हणून शेजारी दुसरा, स्वच्छ. महसूल खात्याच्या नोकरीत अंगठ्यांच्या निशाण्या मी आयुष्यभर पाहिल्या, परंतु त्या दोन ठशांवरून माझी नजर कितीतरी वेळ हलेना. 2009 साली वसुधा तिला प्रत्यक्ष भेटून आली. दरसाल मुलीचे एक छायाचित्र मिळावे, एवढेच त्या माउलीचे मागणे होते.

2009 च्या शरद ऋतूत न्यायालयाचा हुकूमनामा हाती आला. कायद्याने मुलगी आपली झाली. तिचे पारपत्र निघणे तेवढे उरले होते.

12 जानेवारी 2010 रोजी तेथील वेळेप्रमाणे दुपारी चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी भूकंप झाला. त्याची तीव्रता 7.0 होती, जगात त्याहून मोठे धक्के दरवर्षी होतात, परंतु हा उथळ होता, त्याचे केंद्र लेओगानजवळ, म्हणजे राजधानीपासून अवघ्या पंचवीस किलोमीटरांवर होते, आणि अपुऱ्या लोखंडावर उभारलेली काँक्रीटची घरे माणसांसकट खाली बसली. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद कोसळला, न्यायमंदिर कोसळले, कॅथेड्रल कोसळले, खुद्द आर्चबिशप मृत्यू पावले, संयुक्त राष्ट्रांच्या तेथील कार्यालयाची इमारत आपल्या प्रमुखासह जमीनदोस्त झाली. मृतांचा आकडा एक लाखापासून तीन लाखांपर्यंत निरनिराळा सांगितला जातो, आणि त्या तफावतीवरूनच तेथे मोजदाद करणाराही कोणी उरला नव्हता हे तुला कळेल. मिर्लांदच्या पारपत्राचा अर्ज व तिची मूळ कागदपत्रे त्याच ढिगाऱ्यांत कोठे तरी गडप झाली. दूरध्वनी बंद होते. अनाथालयाची भिंत पडली आहे, पण मुले अंगणात सुखरूप आहेत व उघड्यावर निजत आहेत, एवढा निरोप मिळेपर्यंत श्रीधर व वसुधा यांच्या घशाखाली अन्न उतरले नाही.

18 जानेवारीस अमेरिकेच्या सरकारने जाहीर केले की, ज्या हैतियन मुलांच्या दत्तकाचे काम भूकंपापूर्वीच सुरू होऊन ठरावीक टप्प्यास पोहोचले होते, त्यांना मानवतेच्या कारणास्तव तात्पुरता प्रवेश देण्यात येईल. भूकंपापूर्वीच, या शब्दाखाली मी रेघ ओढतो. त्यासाठी दत्तकाचा हुकूमनामा तरी दाखवावा लागे, किंवा ते मूल दत्तकास पात्र असल्याचा आणि त्या विवक्षित कुटुंबाशी त्याचा संबंध आधीच जुळला असल्याचा पुरावा तरी. मूळ दप्तर नष्ट झालेले असताना हे सिद्ध कसे करायचे? त्या वेळी वसुधेचे निळे बाड उपयोगी पडले. अमेरिकन वकिलातीची इमारत शाबूत होती. तिच्याकडे सर्व नकला तारीखवार रवाना झाल्या, अनाथालयाच्या संचालिकेने मुलीला तेथे हजर केले, ओळख पटवण्यात आली, हैती सरकारची संमती मिळाली आणि रवानगीचा हुकूम निघाला. त्या योजनेखाली एप्रिलपर्यंत एक हजारावर मुले अमेरिकेत आली. जे पंधरवड्यात घडले असे तू म्हणतेस, त्याची सिद्धता अशी आधीच्या वर्षांत झालेली होती. भूकंपाने फक्त शेवटचा दरवाजा लवकर उघडला.

मायामीच्या विमानतळावर आम्ही तिघेही गेलो होतो. पावणेतीन वर्षांची ती पोर, अंगात मोठ्या मुलाचे जाकीट, छातीवर चिकटपट्टीने लावलेला कागद, त्यावर तिचे नाव आणि आपले आडनाव. हातात बिस्किटांचा पुडा होता. तो तिने उघडला नव्हता व कोणास घेऊही देत नव्हती. वसुधेला तिने ओळखले की नाही सांगता येत नाही. वसुधेने क्रेओल भाषेत तिला हाक मारली तेव्हा मात्र तिने मान वर केली. घरी आल्यावर ती छताखाली निजेना. पायांतले बूट काढू देईना. पुष्कळ दिवस वसुधेने बाहेरच्या दारापाशी अंथरूण घातले आणि ते दार किलकिले ठेवून, जानेवारीच्या त्या कडाक्याच्या थंडीत, बूट घातलेल्या लेकीला कुशीत घेऊन ती निजली. धावत्या मालगाडीने घर हादरले की पोर अंगणाकडे धाव घेई. मूल आणले म्हणजे दुःखातून सोडवले असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या रात्री पाहायला हव्या होत्या. ज्या आवाजांत, ज्या वासांत, ज्या माणसांत ती पोर वाढली, ते सर्व एका दिवसात तिच्यापासून तुटले होते, आणि ही तूट भूकंपाने केलेल्या तुटीहून निराळी व स्वतंत्र होती. कायदेशीर कामही संपले नव्हते: तात्पुरत्या प्रवेशावर आलेल्या या मुलांना कायम वास्तव्याचा हक्क मिळण्यासाठी त्या वर्षाच्या डिसेंबरात खास कायदा करावा लागला.

आता त्याच महिन्यातली दुसरी हकीकत ऐक. 29 जानेवारीस आयडाहो राज्यातील एका ख्रिस्ती मंडळाचे दहा जण 33 हैतियन मुलांना बसमध्ये घालून सरहद्दीपलीकडे डोमिनिकन प्रजासत्ताकात नेत असताना पकडले गेले. त्यांच्यापाशी त्या मुलांना देशाबाहेर नेण्याचा परवाना नव्हता. आम्ही अनाथ मुलांना वाचवीत होतो, असे त्यांनी सांगितले. चौकशीअंती निष्पन्न झाले की त्यांतील बहुतेक मुलांचे आईबाप हयात होते आणि शाळा व चांगले दिवस लाभतील या आशेने त्यांनी ती हवाली केली होती. ही माणसे दुष्ट होती असे मी म्हणत नाही. परंतु सद्हेतूच्या बळावर त्यांनी जे आरंभले, ते यशस्वी झाले असते तर त्या आईबापांना आपली लेकरे पुन्हा कधी दिसली असती? हैतीच्या पंतप्रधानांनी तर त्या काळात आपल्या स्वतःच्या सहीवाचून एकही मूल देशाबाहेर जाऊ नये असे फर्मान काढले होते. 2004 च्या सुनामीनंतर इंडोनेशियानेही आचे प्रांतातील लहान मुलांना आईबापांवाचून बाहेर नेण्यास मनाई केली होती, ती याच भयाने.

मी हे अनुभवाने लिहितो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी नायब तहसीलदार होतो व माझी नेमणूक मदतकार्यावर झाली होती. पंचनामे, मृतांच्या याद्या, वारसांचे दाखले, धान्यवाटप, यांत दिवस की रात्र ते कळत नव्हते. आमच्या तळावर एक सहा-सात वर्षांचा मुलगा होता. त्याच्या घरची सर्व माणसे गेली असे गावकऱ्यांनी सांगितले व मी तशी नोंद केली. मुंबईहून कपडे व औषधे घेऊन आलेल्या एका सुशिक्षित, निःसंतान दांपत्यास तो फार आवडला; आम्ही त्याला मोटारीतून घेऊन जातो, जन्मभर सांभाळतो, असे ती बाई पाणावल्या डोळ्यांनी म्हणाली. मी हात जोडून नकार दिला, कारण कोणाचे मूल कोणास द्यावे हा अधिकार माझा नव्हता. पुढे काही दिवसांनी, भिवंडीच्या यंत्रमागावर काम करणारा त्याचा मामा, मिळेल त्या वाहनाने व उरलेले अंतर पायी तोडून, गावोगावचे तळ पालथे घालीत आमच्यापर्यंत आला. त्याने नोंदवहीत भाच्याचे नाव शोधले. ते नाव तेथे होते आणि मुलगाही तेथेच होता. त्या वेळी शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे 1200 मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली. त्यांना घर, शाळा, जेवण सर्व दिले, पण त्यांची नावे, गावे व उरलेली नाती त्यांच्यापासून काढून घेतली नाहीत. त्या कामाबद्दल मला आजही नितांत आदर वाटतो.

तुझ्या पत्रात उत्तर सीरियातील जिंदैरिसच्या त्या तान्ह्या मुलीचा उल्लेख आहे, जी ढिगाऱ्याखाली जन्मली व जिची नाळ मृत आईशी जोडलेली असताना ती सापडली. जगभरातून किती लोकांनी तिला मागितले! परंतु तिचे आप्त जिवंत होते, आणि गेल्या महिन्यात ती त्यांच्याच घरी गेली. तुर्कस्तानातही सरकार मुलांची ओळख पटवून त्यांना नातलगांकडे पोहोचवण्याच्या खटपटीत आहे. मामा भिवंडीहून येण्यास अवधी लागतो, मृणाल. तो अवधी मुलास मिळावा एवढ्यासाठी ते कायदे आहेत. हेगचा 1993 सालचा आंतरराष्ट्रीय दत्तक करारही, ज्यात तुर्कस्तान व जर्मनी दोघेही सामील आहेत, प्रथम मुलाचे स्वतःचे कुटुंब, मग स्वदेशातील दुसरे कुटुंब आणि त्यानंतरच परदेश, असा क्रम लावतो. हैती त्या करारात 2014 साली आले.

तेव्हा माझे सांगणे असे. त्या शेजाऱ्यांच्या आप्तांपैकी कोणी भाच्या-पुतण्यांना सांभाळीत असेल तर दरमहा काही रक्कम पाठवा. मूल आपल्या माणसांत राहील. आणि मूल वाढवण्याची तुमची इच्छा भूकंपाच्या आधीपासूनची असेल, जशी ती आहे असे तुझ्या आईच्या बोलण्यावरून मला वाटते, तर तुमच्या शहरातील युगेंडआम्टकडे, म्हणजे बालकल्याण कार्यालयाकडे, रीतसर अर्ज करा. 2021 पासून तुमच्याकडे मान्यताप्राप्त मध्यस्थीवाचून परदेशी दत्तक घेता येत नाही असा कायदा झाला आहे, तो फार योग्य झाला. वेळ लागेल, तो लागू द्या.

मिर्लांद आता उंचीने वसुधेच्या पुढे गेली आहे. तिची आई त्या भूकंपातून वाचली होती. दरसाल छायाचित्र जाते, आणि अलीकडे मायलेकी चलचित्र-दूरध्वनीवर बोलतात. भेटीस जाण्याचा बेत होता, पण 2021 च्या जुलैत तेथील राष्ट्राध्यक्षांची हत्या झाली, आणि तेव्हापासून पोर्तोप्रिन्समध्ये पाऊल ठेवणे धोक्याचे झाले आहे. तुझे पत्र मी तिला दूरध्वनीवरून वाचून दाखवले. निळ्या बाडातले कागद तिचे असल्यामुळे, ते तुला दाखवावेत का हे तिला विचारणे मला आवश्यक वाटले. ती म्हणाली की, मृणालआत्याला सर्व नकला पाहू द्या, फक्त अंगठ्याचा कागद मी स्वतः दाखवीन. जूनमध्ये ती शाळेतर्फे जर्मनीस येणार आहे. तिचा मुक्काम तुमच्याकडे दोन दिवस तरी होईल असे पाहा, आणि तिखट कमी घाल, तिला ते सोसत नाही.

अनिरुद्धास आशीर्वाद. तुझ्या काकूचा गुडघा बरा आहे.

तुझा,
नानाकाका